मिसळची नखं आणि घायपाताचा दोर

परदेशातल्या मराठी घरांत मुलांचा एक हट्ट कधी ना कधी निघतोच : घरात प्राणी पाहिजे. कुत्रा म्हटलं की आईबाप हिशेब मांडतात, जानेवारीच्या बर्फात सकाळी सहाला त्याला फिरवणार कोण? मग तडजोड म्हणून मांजर येतं. आमच्याकडेही असंच आलं. मिशिगनमध्ये, डेट्रॉईटच्या पश्चिमेला कँटन म्हणून गाव आहे, तिथे भाड्याच्या टाऊनहाऊसमध्ये आम्ही तिघं राहतो. लेक बारा वर्षांची झाली तेव्हा शेल्टरमधून एक मांजरी घरी आणली. काळा, तांबूस, पिवळट असे सगळे रंग तिच्या अंगावर सांडलेले. लेकीनं नाव ठेवलं मिसळ. (अशा तिरंगी अंगाची मांजरं जवळजवळ सगळी माद्याच असतात. तो तांबूस रंग एक्स गुणसूत्रावर बसलेला असतो म्हणे.) दवाखान्यात तिला 'मायझल' म्हणून पुकारतात आणि लेक दर वेळी उठून उच्चार दुरुस्त करते.

मिसळ गुणी आहे. ताटात तोंड घालत नाही, रात्री रडत नाही. फक्त सोफा ओरबाडते. सोफ्याचा डावा हात तिनं सहा महिन्यांत असा सोलला की आतला पांढरा स्पंज दिसायला लागला. सोफा आमचा, त्याचं एक वेळ ठीक. पण मग तिनं दिवाणखान्याच्या दाराची चौकट धरली, आणि चौकट घरमालकांची. करारात स्वच्छ लिहिलेलं : पाळीव प्राण्यानं केलेलं नुकसान अनामत रकमेतून कापलं जाईल आणि वारंवार झालं तर प्राणी ठेवण्याची परवानगी काढून घेतली जाईल. वार्षिक तपासणी मार्चमध्ये. एका शरद ऋतूतल्या संध्याकाळी चौकटीपाशी लाकडाचा भुसा पडलेला दिसला आणि नवरा म्हणाला, "मार्चपर्यंत काहीतरी केलं पाहिजे, नाहीतर हिला परत नेऊन सोडावं लागेल." लेक काही बोलली नाही. वर गेली आणि दार लावून घेतलं.

त्याच सुमारास आमच्या ओळखीतल्या एका बाईंनी सांगितलं, "अहो, नखंच काढून घ्या ना, आमच्या शेजाऱ्यांनी केलं. एकदा भूल दिली की काम झालं." दवाखान्यात विचारलं तर तिथल्या मुलीनंही दरपत्रक पुढे सरकवलं, दात साफ करण्याच्या खाली तीच ओळ होती. नखं काढणे. ऐकायला किती साधं वाटतं! न्हाव्याकडे जाऊन आल्यासारखं.

प्रत्यक्षात तसं काही नाही. मांजराचं नख आपल्या नखासारखं कातडीवर बसलेलं नसतं, ते बोटाच्या शेवटच्या हाडातून उगवतं. नख पुन्हा येऊ नये म्हणून ते हाडच कापावं लागतं. म्हणजे प्रत्येक बोटाचं शेवटचं पेर. पुढच्या दोन पंजांची मिळून दहा बोटं, दहा पेरं. काही मांजरांना नंतर कायमचं दुखणं लागतं, काही रेतीच्या ट्रेमध्ये पाय ठेवायला नको म्हणतात, काही चावायला लागतात, कारण दुसरं हत्यार उरलेलं नसतं. ब्रिटनमधल्या वाचकांना याचं आश्चर्य वाटेल, कारण तिथे २००६ च्या प्राणी कल्याण कायद्यापासून हे बेकायदा आहे. इस्रायलनं २०११ मध्ये बंदी घातली. अमेरिकेत मात्र एकेक राज्य सावकाश जागं होतंय. कॅलिफोर्नियातल्या वेस्ट हॉलिवूड शहरानं २००३ मध्ये सुरुवात केली, राज्य म्हणून पहिलं न्यूयॉर्क, २०१९ मध्ये. नंतर २०२२ ला मेरीलँड, आणि २०२५ च्या जानेवारीत मॅसॅच्युसेट्स.

ऑक्टोबरच्या शेवटी माझे वडील, नाना, सहा महिन्यांसाठी आले. आई गेल्यानंतरचा त्यांचा हा पहिलाच हिवाळा, म्हणून आम्हीच आग्रहानं बोलावलं होतं. नाना मूळचे माण तालुक्यातले. तरुणपणी पुण्यात एका कारखान्यात प्रेसवर होते, नंतर गावी येऊन शेती केली. इथे ज्यांचे आईवडील थंडीत येतात त्यांना पुढचं सांगायला नको. पहिले पंधरा दिवस कौतुकाचे, मग खिडकी. सकाळी आम्ही तिघं बाहेर पडलो की नाना खिडकीत बसायचे, आणि संध्याकाळी विचारलं की सांगायचे, "आज बर्फ काढायची गाडी तीन येळा येऊन गेली." मांजराशी त्यांचं फारसं सख्य नव्हतं. "इथं उंदीर न्हाईत, काय न्हाई. मग हे करतंय काय दिवसभर?" हा त्यांचा प्रश्न मला अगदीच चुकीचा वाटला नाही.

एकदा जेवताना तो शस्त्रक्रियेचा विषय निघाला. नानांनी नीट समजून घेतलं. "म्हंजे बोटाचं पेरच तोडत्यात?" हो म्हटलं. त्यांनी काही न बोलता उजवा हात ताटाशेजारी ठेवला. त्यांच्या तर्जनीला शेवटचं पेर नाही. १९७८ साली प्रेसमध्ये गेलं. लहानपणापासून ते बोट मी बघत आलेय, त्यामुळे ते मला दिसणंच बंद झालं होतं. "सत्तेचाळीस वर्सं झाली," ते म्हणाले, "अजून थंडी पडली की जे नाही ते पेर दुखतं. इथं आल्यापासून तर रोज." मग भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "त्या मुक्या जिवाला कुणी इचारलं का?"

विषय तिथे संपला. दुसऱ्या दिवशी नानांनी मला सोफ्यापाशी बोलावलं आणि विचारलं, ही नक्की करते काय ते मला दाखव.

मांजर ओरबाडतं ते आपल्याला त्रास द्यायला नव्हे, आणि नखांना धार लावायला असं जे आपण म्हणतो तेही अर्धंच खरं. त्याचं नख कांद्यासारखं पापुद्र्यांनी वाढतं. बाहेरचा जुना पापुद्रा सैल झाला की तो कशाततरी रुतवून ओढून काढावा लागतो. सोफ्याखाली झाडताना चंद्रकोरीसारखी पोकळ टरफलं सापडतात ती हीच. दुसरं म्हणजे आळस. झोपून उठलं की उंच काहीतरी धरून पाठ, खांदे ताणायचे. म्हणूनच झोपायच्या जागेजवळची वस्तू आधी बळी पडते. तिसरं, पंजाच्या गादीत गंधाच्या ग्रंथी असतात. ओरबाडताना तो वास वस्तूला लागतो, आणि वर ओरखडे दिसतात. 'इथे मी राहते' अशी ती पाटी असते. आता पाटी कुणी तळघरात लावत नाही, दर्शनी भागातच लावतं. सोफ्याचा हात आणि दाराची चौकट या आमच्या घरातल्या सगळ्यात दर्शनी जागा.

हे सगळं लेकीनं वाचून आजोबांना मराठीत समजावलं. 'ग्रंथी'ला मराठी शब्द तिला आठवेना, तर तिनं 'घामाच्या बॅगा' असं सांगितलं. नानांना लगेच कळलं. म्हणाले, "आपल्याकडं मांजार बाजेच्या पायाला नाहीतर दाराच्या खांबाला नखं घासायचं. सुंभ जळंल पण पीळ जायाचा न्हाई, ही सवय मोडायची न्हाई. तिला तिचा खांब देऊन टाका."

खांब होता घरात. लेकीच्या मैत्रिणीनं वाढदिवसाला दिलेला, गुलाबी फरचा, वर चेंडू लोंबणारा. पण दुकानातल्या बऱ्याच स्वस्त खांबांची गोष्ट अशी की ते माणसाच्या डोळ्याला गोड दिसावेत म्हणून केलेले असतात. उंची दीड फूट, आत पुठ्ठ्याची नळी, खाली ताटाएवढी फळी. मोठं मांजर मागच्या पायांवर उभं राहून अंग ताणतं तेव्हा अडीच फुटांपर्यंत पोचतं. दीड फुटाच्या खांबावर ते पूर्ण ताणलं जात नाही. आणि जोर लावल्यावर खांब एकदा जरी डुगडुगला की त्याच्यावरचा विश्वास संपला. सोफा डुगडुगत नाही. नानांनी तो गुलाबी खांब एका बोटानं ढकलला, तो पडला, आणि परीक्षा तिथेच झाली.

तेव्हा ठरलेलं माप असं : उंची ३६ इंच, म्हणजे आखाती देशांतल्या आणि युरोपातल्या वाचकांसाठी साधारण ९० सेंटिमीटर. खालची फळी दोन फूट बाय दोन फूट, पाऊण इंच जाड प्लायवूडची. मधला खांब इथे ज्याला 'फोर बाय फोर' म्हणतात त्या लाकडाचा. एका शनिवारी नवरा, नाना आणि लेक हार्डवेअरच्या मोठ्या दुकानात गेले. लाकडाची ती शंभर पावलं लांब गल्ली पाहून नाना आल्यापासून पहिल्यांदा खूश दिसले म्हणे. वास घेत, फळ्या उचलून एक डोळा मिटून बाक बघत हिंडले. मग खिशातला टेप काढून त्यांनी तो चार बाय चार मोजला. साडेतीन भरला. दुसरा मोजला. तोही साडेतीन. "इथंबी मापात पाप?" नवऱ्यानं समजावलं की नाव ओल्या, न रंधलेल्या लाकडाचं असतं. सुकवून, रंधा मारून साडेतीन उरतं, आणि इथे सगळ्यांना ते माहीत असतं. नानांना पटलं नाही. साडेतीनला साडेतीन म्हणायला काय जातं, हे त्यांचं म्हणणं अजून कायम आहे.

लाकूड घेताना एक गोष्ट बघायची. बाहेरच्या कुंपणासाठी वाळवी लागू नये म्हणून रसायन मुरवलेलं लाकूड मिळतं, जरा हिरवट रंगाचं. ते घ्यायचं नाही. मांजर पंजे घासणार आणि तेच पंजे चाटणार. साधं फर किंवा पाईन पुरे. आठ फुटांचा एक तुकडा घेतला आणि दुकानातच कापून घेतला. त्यात दोन खांब होतात आणि वर दोन फूट उरतात.

दोर सिसलचा. त्या दोराचं बंडल नानांनी हातात घेतलं, एक धागा उसवला, दातानं चावला, आणि म्हणाले, "हा तर घायपाताचा वाख!" मी घरी आल्यावर शोधून पाहिलं तर अगदी बरोबर. सिसल म्हणजे घायपाताच्याच कुळातली वनस्पती, मूळची मेक्सिकोची. तिथल्या युकातान भागातल्या सिसल नावाच्या बंदरातून हा माल जगभर जायचा म्हणून हे नाव. आज तो ब्राझील आणि टांझानियासारख्या देशांतून येतो. आपल्याकडे माणदेशात बांधावर, रेल्वेच्या कडेला घायपात उभा असतो तोच हा, निळसर तलवारीसारख्या पानांचा. नानांनी मग लेकीला बराच वेळ सांगितलं : पानं कापून ओढ्याच्या पाण्यात कुजत घालायची, मग बडवून गर काढायचा, वाख धुऊन वाळवायचा. ओल्या पानाचा रस अंगाला लागला की खाज सुटते. त्या वाखाचे कासरे, दावी, चऱ्हाटं गावातली दोर वळणारी माणसं वळायची आणि बेंदराच्या आधी बैलांसाठी नवे दोर घरोघर पोचवायची. पोरीला कासरा म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. त्या संध्याकाळी तिला पाच प्रकारच्या दोरांची नावं कळली.

सिसलच का? तर त्याचा धागा कडक, खरखरीत असतो. नख रुततं आणि ओढल्यावर सुटतंही. नायलॉनचा दोर नको, त्यात नख अडकतं आणि तुटलेले धागे पोटात गेले तर भानगड होते. खांबाला गालिचाचा तुकडा लावायचीही पद्धत आहे, पण मला ती पटत नाही. खांबावरचा गालिचा चालतो आणि जिन्यावरचा नाही, हे मांजराला कोणत्या भाषेत सांगायचं? दोर घेताना वास घ्यावा. काही दोरांना तेल चोळलेलं असतं, रॉकेलसारखा वास येतो. ते मांजरं हुंगून निघून जातात.

किती दोर लागेल? नवरा मोटारीच्या कारखान्यात इंजिनीअर, त्याचं सगळं काम मिलिमीटरमध्ये. तो कॅलक्युलेटर काढेपर्यंत नानांनी तोंडी हिशेब केला. दोराची जाडी तीन अष्टमांश इंच. सुतारी भाषेत इंचाचे आठ सूत, म्हणजे दोर तीन सुताचा. खांबावर ३० इंच गुंडाळायचा, म्हणजे २४० सूत. तीननं भागले, ८० वेढे. खांब चौकोनी, साडेतीन चोक चौदा, एका वेढ्याला १४ इंच. ऐंशी चौदे अकराशे वीस इंच, म्हणजे ९३ फूट आणि वर चार इंच. शंभर फुटांचं बंडल बरोबर पुरतं, टोकं अडकवायला सहासात फूट हातात राहतात. माणच्या सुताराचं माप आणि अमेरिकन हार्डवेअरच्या दुकानाचं माप एकच निघालं, याचा नानांना फार अभिमान वाटला. "तुझा नवरा शिकलाय, पण त्याला सूत ठाऊक न्हाई," हे त्यांनी मला स्वयंपाकघरात येऊन हळूच सांगितलं.

बांधणीचं काम गॅरेजमध्ये झालं, हीटर लावून. आधी खांबाच्या चारी धारा काचपेपरनं घासून गोल केल्या, नाहीतर दोर तिथे घासून तुटतो. मग फळी उलटी करून खालून चार लांब स्क्रू, साडेतीन इंची, आधी बारीक भोकं पाडून. नाना म्हणाले, एवढ्यावर राहू नका. लाकडाच्या टोकात स्क्रू बसवला तर तो रेषेच्या दिशेनं जातो, पकड धरत नाही, हलवून हलवून ढिला होतो. म्हणून चारी बाजूंनी लोखंडी अँगल आणि सांध्यात लाकडाचा डिंक. त्या अँगलसाठी खालचे तीन इंच मोकळे सोडले, वरचेही तीन इंच तसेच. सगळं मिळून वजन मिसळच्या दुप्पट तरी भरलं असेल. नानांनी दोन्ही हातांनी धरून ढकलून पाहिला. हलला नाही.

दोर गुंडाळायची एक युक्ती आहे, ती मात्र ध्यानात ठेवण्यासारखी. उभ्या खांबाभोवती आपण फिरायचं नाही. ही पायरी फळी बसवण्याच्या आधी उरकायची. खांब दोन खुर्च्यांवर आडवा ठेवायचा, एकानं खांब फिरवायचा आणि दुसऱ्यानं दोर ताणून धरायचा. पहिलं टोक स्क्रूनं पक्कं करायचं, त्याच्यावरून दोनतीन वेढे न्यायचे म्हणजे ते झाकलं जातं. दर पाचसहा वेढ्यांनी मोगरीनं ठोकून वेढे एकमेकांना भिडवायचे. डिंक फक्त टोकांना. मध्ये लावला तर पुढे दोर बदलताना तो खरवडत बसावं लागतं.

खांब लेक फिरवत होती, दोर नानांच्या हातात. ज्यांनी बाज विणताना पाहिली असेल त्यांना ती पकड आठवेल : दोर तळहातावरून, अंगठ्याखालून, आणि ताण तर्जनीवर. नानांच्या तर्जनीला पेर नाही, म्हणून ताण मधल्या बोटावर. ऐंशी वेढ्यांना दीड तास लागला. मध्ये मी चहा घेऊन गेले तर दोघंही माझ्याकडे बघेनात, कारण लेक मोठ्यानं वेढे मोजत होती, मराठीत. एकोणसाठ, साठ, एकसष्ट. एकोणसत्तरला अडली, नानांनी वाट पाहिली, मग पुढे. दुसऱ्या दिवशी नानांचं बोट सुजलं होतं. गरम पाण्यात धरून बसले, पण 'उगाच केलं' असा सूर नव्हता. दुसऱ्या खांबाचा दोर आणला का, एवढंच विचारत होते.

आता खरी परीक्षा. खांब कुठे ठेवायचा? शोभेसाठी कोपऱ्यात ठेवला तर त्याची छत्रीदाणी होते. तो सोफ्याच्या त्या सोललेल्या हाताला चिकटून ठेवायचा, दिवाणखान्याच्या अगदी मध्यात, पाहुण्यांना अडखळायला होईल असा. सोफ्याच्या हाताला दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावायची. मांजरांना पंजाला चिकट लागलेलं आवडत नाही. आणि एक करायचं नाही : मांजराचे पंजे धरून खांबावर घासायचे नाहीत. तिला वाटतं ही काहीतरी शिक्षा आहे, आणि ती त्या खांबालाच टाळायला लागते.

मिसळनं पहिले दोन दिवस खांबाकडे बघितलंही नाही. खालच्या फळीवर झोपली मात्र. लेकीनं खांबावर कॅटनिपचा चुरा चोळला. ही पुदिन्याच्या कुळातली वनस्पती आहे, तिच्या वासानं बरीच मांजरं लोळतात, सगळी नाही, आणि पिल्लं तर नाहीच. नाना म्हणाले, आपल्याकडं खोकलीचं झाड उपटलं की त्याच्या मुळाला मांजरं अशीच येडी व्हायची. तेही खरंच आहे. खोकली किंवा कुप्पी म्हणतात ते पावसाळी तण, त्याच्या मुळाचं मांजरांना असंच आकर्षण असतं. तेव्हा भारतातल्या वाचकांना कॅटनिप मागवायची गरज नाही, कुंडीच्या कडेला बघा.

तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला नानांनी आमच्या खोलीचं दार वाजवलं. आम्ही घाबरून उठलो. एवढ्या पहाटे वडीलधारी माणसं दार वाजवतात तेव्हा मनात काय काय येतं ते सांगायला नको. नाना कुजबुजले, "खाली चला, आवाज करू नका." जिन्यावरून पाहिलं तर मिसळ मागच्या पायांवर उभी, पुढचे दोन्ही पंजे जेमतेम तिसाव्या इंचाला, पाठ धनुष्यासारखी, आणि दोराचा तो खर्र खर्र आवाज. लेक माझ्यामागे पायरीवर बसून राहिली, शाळेची वेळ होईपर्यंत.

दुसरा खांब लेकीच्या खोलीत गेला. चौकटीपाशी काय ठेवायचं हा प्रश्न होता, कारण तिथे जागा नाही. तिथे पुठ्ठ्याचा उपाय चालला. ऑनलाइन खरेदीची खोकी कुणाच्या घरी नसतात? टेप, पिना, लेबलं काढून टाकायची. पुठ्ठ्याच्या आत जी नागमोडी घडी असते, तिच्या रेषांना आडव्या अशा चारचार इंचांच्या पट्ट्या कापायच्या, म्हणजे कडेला भोकं दिसतात. मग चकलीसारखी गुंडाळी करत जायची, एकीच्या टोकाला दुसरी जोडत, ताटाएवढी होईपर्यंत. भोकं वर. जोडायला नानांनी कणकेची खळ शिजवली. खळ टिकावी म्हणून मोरचूद घालायची जुनी पद्धत, तेही त्यांनी विचारलं. पण मोरचूद विषारी, मांजराच्या घरात ते नको. बिनमोरचुदाचीच खळ पातळ लावली आणि ती चकली दोन दिवस हीटरपाशी वाळू दिली. मिसळ तिच्यावर उभी राहून ओरबाडते, आणि कचरा फार होतो. तो झाडायचं काम लेकीकडे.

खर्च? पहिल्या खांबाला पन्नासेक डॉलर झाले. दुकानातला चांगला जड खांबही साधारण तेवढ्यालाच येतो, तेव्हा पैसे वाचतात असं मी म्हणणार नाही. फरक एवढाच की दोर झिजला की नुसता दोर बदलायचा. आणि तोही घाई करून बदलायचा नाही. लोंबकळणारे धागे आपल्याला दळिद्री दिसतात, मांजराला तीच आपली सही वाटते. नानांना नीटनेटकेपणाची सवय, ते कात्री घेऊन निघालेच होते, लेकीनं अडवलं. पुण्या-मुंबईत ज्यांच्याकडे मांजर आहे त्यांनी एवढाही घाट घालू नये. जाड फळीला गोणपाट ताणून चुका मारा आणि ती भिंतीला पक्की टेकवून ठेवा, झालं. काथ्याचा दोरही चालतो, पण त्याचे केस घरभर होतात.

मार्चमध्ये तपासणीला माणूस आला. चौकटीचे जुने ओरखडे नवऱ्यानं पुटी भरून रंगवले होते, ते त्यानं बोटानं चाचपले आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मग खांबापाशी थांबला. कुठून घेतला विचारलं. लेकीनं आजोबांकडे बोट दाखवलं. त्याच्याकडेही दोन मांजरं आहेत म्हणे. नानांनी टेप काढला आणि इंग्रजीचा एक शब्द न वापरता त्याला मापं समजावली, आणि तो माणूसही मान डोलवत फोनमध्ये लिहून घेत राहिला. चौकटीच्या रंगाचे काही डॉलर कापले जातील असं पत्र नंतर आलं. मांजराबद्दल त्यात काही नव्हतं.

एप्रिलमध्ये नाना परत गेले. आता रविवारी व्हिडिओ कॉल असतो. माझी चौकशी होते, मग लेकीची, मग "खांब दाखव". लेक फोन खालपर्यंत नेते. मागच्या आठवड्यात ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, खालनं चौथा आणि पाचवा वेढा सुटलाय, मोगरी घे आणि खालून वर ठोक, वरून खाली न्हाई. नवऱ्यानं दुपारी ठोकून घट्ट केले.